चाकोरीच्या मधली राख

माझ्या नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चोर कोणत्या गावचा, हे विचाराल तर मी घोटाळा करीन. पण पौषातले ते आठ-दहा दिवस वेगळे राहिले. डोळे मिटले की धुकं दिसतं, धुक्यात ठाण्याच्या आवारातला लिंब दिसतो, आणि लिंबाखाली एक जीप दिसते, ओली, थंडगार, एखादं जनावर उभ्यानं झोपावं तशी.

महाराष्ट्र झाल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी मी महिला शिपाई होते. ठाण्यात बाई मी एकटीच. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचणं पुड्यांच्या कागदांवरून शिकलेलं. पण अक्षर गोल होतं, म्हणून जबाब लिहायला ठाणेदार साहेब मलाच बसवत. नावं मी कुणाचीच लिहीत नाही. ज्यांची होती त्यांच्या घरी आता नातवंडं खेळतात.

गावातले एक मोठे वकील फिर्याद घेऊन आले. त्यांची सून पहिलटकरीण. पहाटे पाचच्या सुमाराला तिला अडलं म्हणून सरकारी दवाखान्याच्या जीपमधून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला काढलं. जीपमध्ये वकिलांची पत्नी, दवाखान्याची नर्सबाई आणि ड्रायव्हर. वकील आणि त्यांचा मुलगा मागून प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं निघाले. डांबरी सडक लागायला चार मैल कच्चा रस्ता होता. त्या रस्त्यावर ड्रायव्हरनं गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली, मग मध्येच थांबवली, खाली उतरला आणि शेकोटी पेटवली. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "त्याचे हात गरम झाल्यावर गाडी नीट पळू लागली." अमरावतीला पोचेस्तोवर ऊन वर आलं होतं. मूल वाचलं, सून गेली.

ड्रायव्हर तिशीचा होता. त्याच्या घरच्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता, आणि त्या घरात सरकारी नोकरी लागलेला तो पहिला माणूस. वकिलांनी फिर्यादीत तेही सुचवलं होतं, की या लोकांना आता आमचं काम करणं कमीपणाचं वाटतं. नुसती हयगय असती तर जामीन झाला असता. त्यांनी जाणूनबुजून केलं म्हणून मोठं कलम लावून घेतलं. म्हणजे जामीन नाही, नोकरी गेल्यात जमा, आणि शाबीत झालं तर कित्येक वर्षं आत. त्याची बायको रोज दुपारी भाकर घेऊन यायची आणि पायरीवर बसून राहायची. 

तो म्हणत होता, दुसरा गिअर पडतच नव्हता. साहेबांनी मोटार निरीक्षकाला बोलावलं. निरीक्षक दुपारी एकच्या गाडीनं आला, जप्त करून ठाण्याच्या आवारात लावलेली जीप तिथंच चालवून पाहिली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे लोण्यासारखे पडले. त्यानं लिहून दिलं, गाडीत दोष नाही. साहेबांच्या मते प्रकरण तिथंच संपलं. बायांचे जबाब तेवढे राहिले होते, ते घ्यायला मला पाठवलं.

वकिलीणबाई माजघरात बसल्या होत्या. मांडीवर बाळ झोपलेलं. डोळे रडून कोरडे झालेले, पण बोलणं खणखणीत. त्या म्हणाल्या, पोरगी माझा हात चावत होती आणि तो मेला शेकत बसला होता. मी विचारलं, "तुम्ही त्याला शेकताना पाहिलं?"

"जाळ दिसत होता न मला. बाहेर इतकी थंडी. मग जाळ काय आरती ओवाळायला लावतात?"

मी लिहून घेतलं.

नर्सबाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायच्या. अबोल होत्या. मी तेच विचारलं, तो शेकत होता का. त्यांनी स्टोव्हला पंप मारला. म्हणाल्या, सांगता येत नाही, माझं लक्ष बाईकडं होतं. मी उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, "मला त्याचे पायच दिसत होते. चपला नव्हत्या. टाचा वर होत्या."

"आणि बाकीचा तो?"

"बाकीचा गाडीखाली."

आता तुम्हीच सांगा, शेकणारा माणूस असा पालथा पडून शेकतो का? मला त्या रात्री झोप अशी लागली नाहीच. डोळा लागला की धुक्यात दोन टाचा दिसायच्या.

सकाळी एका म्हाताऱ्या हवालदारांना घेऊन मी बैलांच्या दमणीतून त्या रस्त्यावर गेले. काळी माती, दोन्हीकडं वेचणी झालेल्या कपाशीची पराटी, झाडांवर राहिलेल्या कापसावर दव. पंचनाम्यात "रस्त्यावर राख आढळली" एवढंच होतं. राख होती, पण कुठं होती ते बघा. गाड्यांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, त्यांच्या मधे गवताचा पट्टा. तो पट्टा हातभर जळालेला, त्यावर राख आणि पराटीची अर्धी जळकी खोडं. कडेला एवढी मोकळी जागा सोडून कुणी चाकोरीच्या मधोमध शेकोटी करत नाही. हवालदार खाली वाकले, राखेत बोट घालून नाकाला लावलं आणि म्हणाले, "पोरी, याच्यात तेल टिपकलं हाये."

ठाण्यात परत आले ती थेट हवालातीपाशी, ड्रायव्हरसमोर. म्हटलं, विस्तव तू कुठं पेटवला होता?

"गाडीखाली. गिअरच्या पेटीखाली. वावरातून पराट्या आनल्या न."

मग मी जरा चिडूनच बोलले, हे जबाबात का सांगितलं नाहीस.

"सांगतलं होतं न, बाई. तुमीच तं लिवून राह्यल्या होत्या."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी जाऊन कागद काढला. "थंडी असल्याने शेकोटी पेटविल्याचे कबूल करतो." अक्षर माझंच, गोल गोल. तो बोलत होता, साहेब खुर्चीतून मजकूर सांगत होते, आणि माझे कान साहेबांकडं होते. 

साहेबांना सांगायला दोन दिवस गेले. म्हटलं, जीप पहाटे पाहा. ते हसले. "बाई, तुम्हाला मोटारीतलं काय समजतं?"

"काही नाही साहेब. थंडीतलं समजतं."

माणूस तसा सरळ होता. तिसऱ्या दिवशी पहाटे मफलर गुंडाळून, दोन पंच घेऊन आला. सगळं कसं स्वप्नातल्यासारखं होतं. कंदील धुक्यात पिवळे, माणसं अर्धीच दिसायची, बोलणं तोंडातून वाफेसारखं निघायचं. ठाण्याचा ड्रायव्हर बसला. जीप सुरू झाली, पहिला गिअर कसाबसा पडला. दुसरा पडेना. दांडा चिखलात रुतलेल्या खांबासारखा. आतून कर्रकर्र असा आवाज यायचा, दात खाल्ल्यासारखा. शेवटी साहेब स्वतः चढले, दोन्ही हातांनी दांडा ओढला, आणि हात चोळत उतरले. मग पराट्या आणून पेटीखाली जाळ केला. साताठ मिनिटं झाली असतील. दांडा आपला गुमान सरकला.

गजाआडून तो पाहत होता. कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. मीसुद्धा नाही, लाज वाटत होती.

पण एवढ्यानं सुटका नव्हती. शेजारी आमची ठाण्याची जीप तशीच गारठ्यात उभी होती. तिचे गिअर जड होते, पण पडत होते. साहेब म्हणाले, वकील कोर्टात हेच विचारतील. दुसऱ्या जीपचे पडतात, याच जीपचे का नाहीत? गाडी राखणं ड्रायव्हरचंच काम. बोलणं खरं होतं.

पंचांसमोर दोन्ही गाड्यांच्या पेट्यांतलं तेल थोडं काढलं. दुपारी दोन्ही सारखीच काळी दिसत होती. मी माझ्या डब्याच्या दोन वाट्या मागवल्या, त्यात ती ओतली, चिठ्ठ्या लावल्या आणि ठाण्याच्या बाहेरच्या खिडकीत ठेवून दिल्या. हवालदार म्हणाले, बाई आता तेलाचं दही लावून राहिल्या. लावू द्या म्हटलं.

सकाळी आमच्या जीपचं तेल काकवीसारखं झालं होतं, वाटी कलती केली की हळूहळू सरकत होतं. दुसरी वाटी मी उलटी केली. काही सांडलं नाही. रवाळ, पांढुरकं, गोठल्या तुपासारखं. आणि तो वास आला. माझे वडील कापसाच्या जिनिंगात कामाला होते. घरात दिव्यासाठी सरकीच्या तेलाचा डबा असायचा, आणि थंडीत आई तो चुलीजवळ आणून ठेवायची, कारण तेल डब्यातच बसायचं. इतकी वर्षं मला तो वास आठवला नव्हता. वाटी हातात धरून मी खिडकीशी उभी, आणि वाटलं, मागं आई उभी आहे.

मोटारीच्या पेटीत सरकीचं तेल कुणी घालील? ज्याचे हात जिनिंगाच्या यंत्रांना तेच तेल देत आले, तोच. गावात असा एकच म्हातारा मिस्त्री होता. दवाखान्याची जीप त्याच्याकडंच जायची.

मी वर्दीत गेले, पण दटावायला नाही. वाटी त्याच्या लाकडी फळीवर ठेवली आणि बसले. वडिलांचं नाव सांगितलं. तो ओळखत होता. मग जिनिंगच्या गोष्टी निघाल्या, कोण कसा मेला, कुणाची बोटं गेली. बोलता बोलता त्याची नजर वाटीकडं जायची आणि परत यायची. मी वाटीबद्दल एक शब्द काढला नाही. चौकशीत पुष्कळ वेळा आपण बोलण्यापेक्षा वस्तूलाच बोलू द्यावं, हे मला तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं. घाबरले होते म्हणून गप्प बसले होते, एवढंच.

शेवटी तो म्हणाला, "माह्याच हातानं झालं, बाई."

पोळ्याच्या सुमाराला ड्रायव्हरची आई वारली, तो दहा दिवस रजेवर होता. तेवढ्यात पेटीचं तेल गळून गेलं. गाडीचं तेल अमरावतीहून यायचं होतं, दवाखान्याला जीप त्याच दिवशी हवी होती. म्हाताऱ्यानं गळती बंद केली आणि हाताशी होतं ते भरलं. ड्रायव्हर परत आला, बघितलं तर पेटी भरलेली. दिवाळी गेली, काही बिघडलं नाही. मग पौष लागला आणि एकदम थंडी पडली. बाई गेल्याचं कळल्यापासून म्हातारा दुकान उघडायचा आणि नुसता बसून राहायचा. मी विचारलं, ठाण्यात येऊन का सांगितलं नाही.

"भेव वाटलं न. वकिलाच्या घरची सून. मले वाटे, उद्या सांगीन, उद्या सांगीन."

साहेबांनी त्याला साक्षीदार केलं, आरोपी केलं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि एक बाई गेली होती. अशा प्रकरणात कागद जड होतो.

मी नियमाबाहेर एक गोष्ट केली. संध्याकाळी वकिलीणबाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं, राख कुठं होती तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाल्या, "म्हणजे तो तिच्यासाठीच फुंकत होता."

कोर्टानं ड्रायव्हरला पुढं आठवडाभरानं सोडलं. नोकरीही राहिली. पुढं मी जमादार झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. हजारो जबाब लिहिले असतील. माणूस जे शब्द बोलतो तेच लिहायचे आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं, हे मी त्या हवालातीपाशी शिकले. दुसरं असं, की दुपारच्या उन्हात बसून पहाटेच्या माणसाचा न्याय करू नये. वरिष्ठ मला चेंगट म्हणायचे. असेन.

पण मला आठवतो तो त्याच्या सुटकेचा दिवस नाही. त्याच्या आधीचा आहे. उन्हं कलली होती आणि ठाण्यासमोर टांगा थांबला. वकील आतच बसून राहिले. उतरले नाहीत, बायकोला अडवलंही नाही. वकिलीणबाई एकट्या आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, जबाब बदलायचा आहे. साहेब मजकूर सांगायला लागले तसा त्यांनी हात वर केला.

"मी सांगते तेच लिहा. मी गाडीत होते. मला जाळ दिसला. हात दिसले नाहीत. तो हात शेकत होता असं मी सांगितलं, कारण मला कुणावर तरी रागवायचं होतं."

मी शब्द न शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. हो, असंच, म्हणत त्यांनी सही केली. उठल्या, हवालातीच्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. तो गजाशी होता.  दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, त्याला सांगा, मुलगा आहे, चांगला खणखणीत रडतो.

मी जाऊन सांगितलं. वाटलं, आता हा रडेल. त्यानं मान हलवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "दूध कोनाचं पेते मग तो?"

मला ठाऊक नव्हतं. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. टांगा हलला होता. मी वर्दीच्या साडीचा काष्टा सावरत त्याच्यामागं धावले, विचारायला.