माझ्या नावावरचा झेंडू

मास्तरला कुणी शिकवायला लागलं की त्याचं डोकं फिरतं आणि माझं तर जरा लवकरच फिरतं. सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर मला कार्यालयातून कळवण्यात आलं, की पदोन्नतीच्या फाइलला एका ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. कोर्स महाविद्यालयीन शिक्षकांसाठी होता, सगळ्यांना खुला आणि फुकट. तंत्रज्ञान वापरून कसं शिकवावं, हे त्यात शिकवणार होते. मी अमरावतीत राहतो आणि कॉलेज अकोल्यात, म्हणून रोज बडनेऱ्याहून गाडी पकडतो. पहिला व्हिडिओ मी गाडीतच लावला. एक गोरेगोमटे गृहस्थ हसतमुखाने 'आजचा विद्यार्थी' या विषयावर बोलत होते आणि मूर्तिजापूर यायच्या आत मला झोप लागली.

आमच्या कॉलेजात या कोर्सांची एक रीतच पडली होती. कॉम्प्युटर लॅबमध्ये चार-पाच मशीनवर चार-पाच प्राध्यापकांचे व्हिडिओ आवाज बंद करून चालू असत. एक संपल्याशिवाय दुसरा उघडत नसे, म्हणून लॅबचा सहायक पेपर वाचता वाचता मधूनमधून उठून बटण दाबायचा. प्रश्नमंजूषेची उत्तरं ग्रुपवर यायची. चर्चेच्या पानावर सगळेजण 'अत्यंत उपयुक्त माहिती' एवढंच लिहायचे, मीही तेच लिहिलं. त्याच महिन्यात परीक्षेत कॉपी करणाऱ्या दोन मुलींना मी वर्गाबाहेर काढलं होतं. तेव्हा मला त्यात काही विसंगत वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

शेवटचा भाग मात्र असा ढकलता येणार नव्हता. आपल्या विषयावर वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठ तयार करायचा आणि सोबत त्याची लिखित संहिता द्यायची. मला खडू द्या, फळा द्या, मी तासभर मुलांना हलू देणार नाही. पण कॅमेऱ्यासमोर माझी दातखीळ बसते. मी स्टाफरूममध्ये चरफडत होतो, हे कसलं शिक्षण, ही कसली थेरं, वगैरे. आमच्या विभागातल्या मॅडम शेजारीच वह्या तपासत होत्या.

या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि दर जूनमध्ये नेमणूक नव्याने. कुणाला किती तास, हे वर्कलोडच्या कागदावर विभागप्रमुख लिहितो. विभागप्रमुख मी. त्यांची नेट परीक्षा झालेली, पीएच.डी. झालेली, आणि अकरा वर्षं त्या याच कागदाची वाट पाहत आलेल्या. मी त्यांना काम सांगितलं नाही, नुसतं त्यांच्यासमोर कुरकुरलो. त्याला सांगणंच म्हणतात, हे दोघांनाही माहीत होतं.

"तुमी काहून टेन्शन घेता सर? द्या मले, मी पाहून घेईन," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरची अकोल्याजवळ झेंडूची शेती आहे. दसऱ्याच्या आधी मळा फुलावर असताना त्यांनी स्टुलाला मोबाइल बांधून पाठ चित्रित केला. झेंडूचं फूल म्हणजे एक फूल नव्हेच, त्यातली आपल्याला वाटते ती प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल असतं, हे त्यांनी एकेक पाकळी वेगळी करून दाखवलं. चित्रात फक्त त्यांचे हात होते. संहिता त्यांनीच लिहिली, मी प्रयोगशाळेत बसून ती वाचली आणि आवाज भरला. खरं सांगतो, वाचताना मी थांबलो होतो. मी हाच धडा सव्वीस वर्षं शिकवला, पण इतका स्वच्छ कधी शिकवला नाही. मला हेवा वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी बरं वाटलं की खाली नाव माझं आहे.

प्रमाणपत्र आलं, पाठाला विशेष शेरा मिळाला, यथावकाश पदोन्नतीही झाली. पुढे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार म्हणून सगळ्यांचं ई-साहित्य गोळा करायचं ठरलं, तेव्हा मी तो पाठ संहितेसकट कॉलेजच्या संग्रहात जमा केला. मॅडमना सांगायचं सुचलंही नाही.

मग आमच्या विभागातली एक कायम जागा निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. वयोमर्यादेमुळे मॅडमसाठी ती शेवटचीही होती. उमेदवारांनी स्वतः केलेला ई-पाठ तीन दिवसांत सादर करावा, असं पत्र निघालं. वैशाख होता, मळ्यात धसकटं उरली होती. मॅडमनी जुनंच चित्रण काढलं, त्यावर स्वतःचा आवाज भरला आणि स्वतःचीच संहिता जोडली. ती त्यांचीच तर होती. कोर्सचं साहित्य कोर्सपुरतंच राहतं, असा त्यांचा समज होता.

मुलाखतीला समितीत मीही होतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर संहितेच्या तपासणीचा अहवाल होता. कॉलेजने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते संग्रहाशी ताडून बघत होतं. जुळलेल्या ओळींनी पानं वरपासून खालपर्यंत लाल झाली होती. भिंतीवर पाठ चालू होता, त्यातले हात झेंडू सोलत होते, आणि तेच हात माझ्यासमोर टेबलावर होते. खोलीत ते फक्त मी ओळखले. तज्ज्ञ शांतपणे म्हणाले, की हा पाठ तर तुमच्या विभागप्रमुखांचा आहे, तुम्ही तो उचललात का?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या तोंडात तयारही होतं. पदोन्नती रद्द होईल, चौकशी लागेल, लोक हसतील, हे सगळं मी तेवढ्या वेळात मोजून घेतलं आणि समोरचा अहवाल उलटून पाहू लागलो.

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "सरांचं पाहून केलं."

तज्ज्ञांनी शेरा लिहिला. पुढचा उमेदवार आत आला आणि मी त्याला प्रकाशसंश्लेषणावर प्रश्न विचारले, चांगले विचारले.

मुलाखती संपल्यावर मी मॅडमना शोधत फाटकाकडे गेलो. त्या स्कूटीला किल्ली लावत होत्या. मी विचारलं, तुम्ही खरं का सांगितलं नाही? हा प्रश्न मी त्यांना विचारला, माझा निर्लज्जपणा इतका होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बराच विचार केलेला असावा, अशा आवाजात त्या बोलल्या.

"कोणं मानलं असतं सर? अन् मानलं असतं तर तुमचंबी गेलं असतं. जागा तं गेलीच. जूनमदे माह्ये तास राहतीन ना?"

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर मी कदाचित आत परत गेलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खोटं आहे.

"राहतील," मी म्हणालो. नेहमी म्हणतो तसंच, विभागप्रमुखाच्या आवाजात.

त्यांचा चेहरा सैल झाला. "थँक्यू सर," त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.