मुलुंड ते जोगेश्वरी, खोबरेलाच्या वासावर

मला मोटारसायकलवर एकटीने मालवणला जायचं होतं. गाडी बाबाची, म्हणून अटही त्याचीच. आधी त्याला मागे बसवून मुलुंडहून जोगेश्वरीच्या लेण्यांपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. वाटेत त्याला एकदा जरी भीती वाटली, तरी मालवण रद्द.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. पहिल्याच सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला. गाडी शांतपणे पुढे जात राहिली. मागच्या ब्रेकने थांबवली.

"जरा आधी थांबव गो," बाबा म्हणाला.

तुम्ही जाणार असाल तर कांजूरमार्गहून जोगेश्वरीकडे जाणारा जोडरस्ता धरा आणि पवई सोडून आरेच्या झाडीत शिरा. सावली भरपूर, गतिरोधक त्याहून भरपूर. तिसऱ्या गतिरोधकानंतर मी एका टपरीवर थांबले. कारण सांगितलं चहाचं.

लिव्हर कडक होता, म्हणजे नळीत हवा नव्हती. ब्रेक ऑइल पुरेसं. चाकावरची डिस्क आवळणारे पॅड तीन मिलिमीटर शिल्लक. एका रिक्षावाल्याने लांबूनच "पॅड गेले, ताई" असा निकाल दिला. टपरीवाल्या मावशी मात्र हवेत नाक खुपसून उभ्या होत्या.

"कोण तळतंय गं? माझी कढई तर थंड आहे."

मी चाकाजवळ वाकले. वास गरम डिस्कचा होता. खोबरेल. त्यावरच पॅड घसरत होते.

"बाबा, पूजेला डिस्क कशाने पुसलीस?"

"पुसूक नाय, तेल लावलंय. लोखंडाक तेल लावचा नाय तर काय लावचा?"

आमच्याकडे दसऱ्याला विळी, कोयता, अडकित्ता अशा सगळ्यांना तेलाचं बोट लागतं. यंदा त्या रांगेत गाडीही बसली.

"आणि चेनला?"

"ती काळी. तिका कोण बघता?" मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे ब्रेक नव्हतो?"

"अर्धा होता."

"मी भियाक नाय," तो घाईने म्हणाला. "पण फुडे बसने येतंय. बस रिकामी हा म्हणान."

मागच्या ब्रेकवर, ताशी वीसच्या वेगाने जोगेश्वरी गाठली. तेल प्यायलेले पॅड घासून वाचवू नका, बदला. तिथल्या गॅरेजात नवी जोडी साडेतीनशेला पडली. डिस्कवर ब्रेक क्लीनर मारून ती दोनदा पुसली. नवे पॅड बसवले की तिसाच्या वेगावरून दहावर, वीस वेळा हळूहळू ब्रेक लावायचा, म्हणजे ते डिस्कवर नीट बसतात. हे मी लेण्यांबाहेरच्या गल्लीत केलं. बसने आधीच पोचलेला बाबा पायरीवर बसून मोठ्याने मोजत होता.

"कसला नवस?" लेण्यांतल्या देवीला आलेल्या एका आजींनी विचारलं.

"ब्रेकचो," बाबा म्हणाला.

आजीही मोजायला लागल्या. अकराव्या फेरीला सहा जण मोजत होते. विसाव्या फेरीला टाळ्या वाजल्या आणि आजींनी मला नारळ दिला.

परतताना बाबा मागे बसला. प्रत्येक सिग्नलला तोच "दाब" म्हणायचा आणि गाडी जागच्या जागी थांबली की खांद्यावर थाप मारायचा. घरी पोचताच तो नारळ घेऊन चाकाकडे निघाला. मी काढून घेतला. त्याची चटणी झाली.

"भीती वाटली?" जेवताना मी विचारलं.

"तुजी नाय," तो म्हणाला आणि गाडीची चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

पुढचा ब्रेक आता दोन बोटांत लागतो. शनिवारी मालवणला निघतेय. खोबरेलाची बाटली तोवर माझ्या कपाटात आहे, कुलपात.