दाराच्या फटीतून दही

आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुणाचे डोळे आले की त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की लागतात म्हणे. हाताने लागत नाहीत, भांड्याने लागत नाहीत, फक्त बघण्याने लागतात, हे आमचं शास्त्र. मी कित्येकदा डोकं फोडून घेतलंय, पण माझं कोण ऐकतंय?

धाकटा भाऊ बोटीवर कामाला लागणार होता. कोरोनाची लस टोचल्याशिवाय घेत नव्हते, म्हणून तो टोचून आला, जाताना आईलाही ओढून घेऊन गेला. त्याला काही झालं नाही. आईला मात्र ताप भरला, आणि तो उतरतोय तोवर उजवा डोळा लालभडक. पाणी थांबेना, उजेड सोसेना. शेजारणींनी दारातूनच सांगितलं, डोळे आलेत. मी म्हटलं, अगं, एकच डोळा आणि एवढा ठणकतोय, डॉक्टरकडे चल. पण तिच्या डोक्यात एकच. भाऊ दोन दिवसांत निघणार, बोटीवर चढण्याआधी तपासणी, तिथे त्याचे डोळे लाल दिसले तर परत पाठवतील. मग वाटच लागली.

तिने स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतलं. भाऊ दाराबाहेर बसून बोलायचा, ती आतून हुं हुं करायची. मला दोघांचाही असा राग यायचा ना! निघायच्या दिवशी तो हट्टाला पेटला, एकदा तरी बघू दे म्हणून. आतून आवाज आला, "बघू नको रे. नोकरी जायत." मग दार किलकिलं झालं आणि फटीतून नुसता हात आला, दह्याचा चमचा धरलेला. त्याने तळवा पुढे केला, दही चाटलं, उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी मी तिला जबरदस्तीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे डोळे येणं नव्हेच. अंगात दडून बसलेला जुना विषाणू बुबुळावर उठलाय. लशीनंतर क्वचित कुणाला असं होतं, पण लशीमुळेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही. आणि बघण्याने तर हे कुणालाच लागत नाही.

डोळा वाचेल का, हे आईने विचारलंच नाही. ती म्हणाली, "मगे माका त्याका बघूक गावला असता?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, मग मला त्याला बघायला मिळालं असतं का, असं विचारतेय ती.

डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला, त्या बाजूने धुरकट दिसतं. त्याचं तिला काही नाही. भाऊ नंतर दोनदा येऊन गेला. ती त्याला समोर बसवून बघत राहते, तो कंटाळेपर्यंत. तरी तो गेला की मला विचारते, त्या दह्याच्या दिवशी त्याने कुठला शर्ट घातला होता गं? निळा, चौकड्यांचा. केस कापले होते? हो, बारीक. दाढी? केली होती. मी दर वेळी न चिडता सांगते, माझ्यासारखी चिडकी बाई.

तो रडला का, हे तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मी नाही म्हणून सांगणार आहे.