खोडलेल्या चार ओळी

दृष्ट, बाधा, चाहूल यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. माझे बाबा नागपूरला कोर्टात कारकून होते. कागदावर नाही ते झालंच नाही, हे ऐकतच मी मोठी झाले. आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे... कारण हे कागदावर आहे.

आम्ही टेक्ससमधल्या प्लेनोत राहतो. नवरा निखिल आयटीत. मी बरीच वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी काढली आणि ग्रीन कार्ड आल्यावर, चाळिशी उलटल्यावर, इथल्या कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिसला नाव घातलं. पोलिसांच्या इमर्जन्सी कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळवायची म्हणून. "आता या वयात चोर पकडणार का?" असं आईनं फोनवर विचारून घेतलं. वर्गात मी वयानं सगळ्यांत मोठी, त्यात उच्चार वेगळे. आपलं हसं होईल ही धास्ती मला कायम असायची.

आमचे सर निवृत्त डिटेक्टिव्ह. त्यांचे दोन नियम. पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि रिपोर्ट पेनानंच लिहायचा — चुकलं तर व्हाइटनर नाही, गिरगटणं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ.

त्या फेब्रुवारीच्या आठवड्यात पारा शून्याच्या खाली होता. सकाळी दहा वीसला एक माणूस धाडकन वर्गात घुसला, सरांच्या टेबलावरची बॅग उचलून पळाला. अर्थातच सरांनी ठरवून आणलेला. "दहा मिनिटं. काय पाहिलंत ते लिहा," सर म्हणाले.

मी लिहिलं. उंच, लाल हुडी, बॅग डाव्या हातानं उचलली. मग पुढचंही लिहिलं, कारण तेही मी पाहिलं होतं. तो पळून गेल्यावर दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. भारतीय, तपकिरी स्वेटर, कानटोपी. डाव्या पायात बूट नाही, मोजा ओला. पँटला गुडघ्यापर्यंत काळी चिकट माती, आमच्या विदर्भातल्या कापसाच्या शेतात असते तशी. बाहीला केशरी प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा अडकलेला. ते माझ्याकडेच पाहत होते.

तेव्हा भीती अजिबात वाटली नाही. वाटलं, हाही सरांचाच माणूस.

शेजारच्या मुलीनं माझ्या कागदात डोकावून हळूच विचारलं, कोण म्हातारा? मी मागच्या दोघांना विचारलं. त्यांनीही नकारार्थी मान हलवली. माझे कान तापले. मी त्या चार ओळींवर सरळ रेघ मारली, सही केली, वेळ घातली — १०:३४. तासाच्या शेवटी सरांनी कागद परत देताना त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे का खोडलंस?" मी म्हटलं, चूक झाली.

दीड वाजता घरी जेवताना मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. आमच्याच सबडिव्हिजनमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, मंदारचा. मंदारला मी ओळखत होते, पण त्याचे बाबा आठच दिवसांपूर्वी पुण्याहून आले होते, मी त्यांना पाहिलं नव्हतं. सकाळी पावणेदहाला वॉकला गेले ते परतले नाहीत, फोन घरीच राहिलाय. खाली फोटो. तपकिरी स्वेटर, कानटोपी, तोच चेहरा.

जेवण टाकून उठले. फाइलमधून कागद काढून निखिलला दाखवला. तो मीटिंग म्यूट करून म्हणाला, "अगं, सांगणार काय तू? काका क्लासमध्ये दिसले? पोलिस वेड्यात काढतील, यार."

त्याला दोष नाही देत. मलाही तेच वाटत होतं. त्यातून मागच्याच आठवड्यात वर्गात शिकले होते, की चुकीची टिप दिली तर माणसं योग्य जागेवरून भलतीकडे वळतात. बाहेर थंडी, म्हातारा माणूस, आणि माझ्या चुकीनं शोध भरकटला तर? मी फोन हातात घ्यायची, खाली ठेवायची. पाऊण तास गेला. शेवटी लाज गुंडाळून ठेवून मंदारला फोन लावला. काय पाहिलं ते सांगितलंच नाही.

"मंदार, जवळपास कुठे केशरी जाळी लावलेलं काम चालू आहे का?"

"मागे नाल्याचं आहे, अनघाताई. पण ते बंदय, तिकडे कोण जाणार? पोलिस पार्कच्या बाजूला शोधतायत."

"एकदा बघून ये. आत्ता जा."

काका तिथेच होते. खड्ड्यात घसरले होते, खुबा मोडला होता, डावा बूट चिखलात रुतून राहिला होता. जीव वाचला. त्या पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. आणखी थोडं आधी सापडले असते तर बोटं वाचली असती, असं डॉक्टर मंदारला म्हणाले. मंदारनं ते मला सहज सांगितलं. मी मात्र रात्ररात्र मिनिटं मोजत बसायची.

सरांनी त्या तासाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग केलं होतं. मी मागून घेऊन पाहिलं. लाल हुडी येते, जाते. दार रिकामं आहे. फक्त मी त्या रिकाम्या दाराकडे बघते, लिहिते, पुन्हा बघते.

तीन आठवड्यांनी मुगाची खिचडी घेऊन काकांना भेटायला फिजिओथेरपीच्या रिहॅब सेंटरमध्ये गेले. मंदार ओळख करून देत होता, "बाबा, या अनघाताई, यांनीच..." काकांनी त्याला हातानं थांबवलं.

"हिला पाहिलंय मी. टेबलाशी बसून लिहीत होती," ते शांतपणे म्हणाले. "मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी नोंद घेतली, आता येतील न्यायला."

मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "मग खोडलंस का गं?"

मंदारला काही कळलं नाही. मी डबा टेबलावर ठेवला आणि काकांची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना ठाऊक होतं.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, कुणी लावून दिला तर हवा आहे. कोर्स पुढच्या महिन्यात संपतोय. तो कागद फाइलमध्ये आहे. रेघ एकच आहे, खालचं सगळं वाचता येतं.