खोटी रिंग

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे घंटाबाई म्हणतात. परदेशचे फोन का लागत नाहीत, हे ती मोबाइल कंपनीत शोधते. म्हणजे पगार घेऊन दिवसभर परक्या फोनांच्या रिंगा ऐकते. जेवताना कुणाचा फोन वाजला तरी हिचे कान टवकारलेच. माणसाने समोरच्याचं बोलणं ऐकावं, ही रिंगमधला थांबा ऐकते! मला तिचा हा नाद कधी पटला नाही.

त्या दिवशी परदेशात राहणारी माझी लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली. सकाळी 'निघालोय' एवढा निरोप आला, मग काहीच नाही. फोन लावला की रिंग जायची, पण उचलायचं कुणी नाही. ना ती, ना जावई. नाही नाही ते मनात येत होतं. "गडबडीत असतील गं," हे म्हणाले, तर मी त्यांच्यावरच खेकसले.

घंटाबाई ऑफिसातून आली, तशी चपला काढायच्या आत मी फोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकला, कापला, पुन्हा लावला.

"ताई, ही रिंग खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"नंबर दाबल्या दाबल्या वाजतेय. तिकडे लागायला वेळ लागतो, आणि तिकडची रिंग दोन-दोन ठोक्यांची असते. आमचे फोन तिकडे नेणारी एक मधली कंपनी असते. तिला फोन पुढे पोचवता येत नाहीये, म्हणून ती स्वतःच रिंग ऐकवत बसलीय."

"मग तुम्ही तिथे काय झोपा काढता?"

तिचा चेहरा पडला. "आमच्या मोजणीत हे 'उचलला नाही'मध्ये जातं. न लागलेल्यांत धरतच नाहीत. मग शोधणार कोण?"

तिने ऑफिसला फोन लावला. "तिकडचे फोन दुसऱ्या वाटेने सोडा. आत्ता!" तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

थोड्या वेळाने मी नंबर दाबला. आधी शांतता. मग दोन ठोके, थांबा, दोन ठोके.

"लागला," ती म्हणाली.

वाजत राहिला. कुणी उचलेना. आता दोष द्यायला मधली कंपनीही उरली नव्हती. बिघाड सापडलाच नसता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. जावेने माझं मनगट धरलं.

"हॅलो." लेकच होती. आवाज पार थकलेला.

"मुलगी झाली, आई. फोन उशाशीच होता माझ्या. तू एकदासुद्धा केला नाहीस?"