मेणातली आई

आज सकाळी सुमनताई वारली.

माझी थोरली बहीण. मला वाढवलं तिनंच.

मी आठ दिवसांची असताना आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता.

बाबा अकोल्याला शाळेत ड्रॉईंग मास्तर. मी पाच वर्षांची झाले त्या हिवाळ्यात त्यांनी मेळघाटातून मधाचं मेण आणवलं, आणि आठवून आठवून आईचा चेहरा घडवला.

मी रोज त्या चेहऱ्याशी बोलायची. कोणाशी भांडले, काय खाल्लं, सगळं सांगायची.

मग उन्हाळा लागला. अकोल्याचा.

मेण वितळलं नाही. नुसतं बसत गेलं. आधी हनुवटी, मग ओठ, मग एक डोळा.

ताई तेव्हा चौदा वर्षांची. ती चेहरा ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाआड ठेवायची. तरी तो उतरतच गेला.

शेवटी ती बाबांना म्हणाली, "बाबा, नीट करा न."

बाबा म्हणाले, "आता मलेच तिचं तोंड नीट आठवत नाही, सुमे. जे आठवत होतं, थे याच्यात घातलं."

"मंग हिनं कोणाले पाहावं?" ताईनं माझ्याकडे बोट केलं.

बाबा उठून बाहेर गेले.

ताईच बसली मग. अंगठ्यानं मेण दाबत, डोळे मिटून आठवत. मधूनच स्वतःचं नाक, स्वतःची हनुवटी चाचपत.

संध्याकाळी बाबांनी पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "हे तुयी आई नाही, बेटा. हे त तूच हायेस."

ताई भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला तसं रडताना पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात चेहरा बसायचा, आणि ताई तो पुन्हा उभा करायची. लग्न होऊन अमरावतीला जाईपर्यंत.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मले आई जमली नाही. माफ करजो."

मी नुसती तिचा पदर धरून उभी राहिले. पुढं इतकी वर्षं फोनवर बोललो, तरी त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

आज सांगते.

ताई, मी तुझ्याशिवाय दुसरी आई कधी शोधलीच नाही.

सुखानं जा.