फुलाफुलांचं कव्हर

विज्ञानाने माणसाला गेलेलं घर परत मिळवून दिलं आहे. फक्त ग्राफिक्स कार्ड तापता कामा नये.

नाशिकची आमची इमारत पाडण्याआधी भावाने सगळं घर चहूबाजूंनी चित्रित करून पाठवलं होतं. अमेरिकेत सनीव्हेलला आमच्याकडे आलेली आई डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून त्या स्वयंपाकघरात शिरली, की थोड्याच वेळात ओट्यावर हिरव्या रेघा नाचायच्या आणि भिंती फाटायच्या. भारतात परतण्याआधी तिला ते घर एकदा धड बघायचं होतं.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या चिप इंजिनियरला बोलावलं. हा गृहस्थ यंत्राच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. "मशीन खोटं बोलत नाही यार, युजर बोलतो," हे तो लिफ्टमध्येही ऐकवतो. आल्याआल्या त्याने नेहमीप्रमाणे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, कॉम्प्युटरवर तळहात ठेवला. तळहाताखाली आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. धूळ बसू नये म्हणून ते कॉम्प्युटर चालू असतानाही काढायचं नाही, असा तिचा नियम. हेडसेटमधल्या घरातही फ्रिजवर तेच कापड होतं.

कव्हरामुळे कार्डाचा पंखा गुदमरत होता. मला हसू येणार, तेवढ्यात आईने विचारलं, "माझंच काही चुकलं का रे?"

"छे हो काकू, कार्डाचं सॉफ्टवेअर, तो ड्रायव्हर खराब होता. बदलला." मग कव्हराची नीट घडी घालत तो म्हणाला, "हे मी नेऊ? माझा प्रिंटर उघडाच असतो."

आई खूश झाली आणि संध्याकाळभर नाशिकला राहिली.

त्याच्याकडे प्रिंटर नाही. काही छापायचं असलं, की तो आमच्याकडे येतो.